बेलच्या गोष्टीतली बधिर मुलं: मराठी बालसाहित्याच्या प्रकाशकांना खुलं पत्र

मराठीत मुलांसाठी पुस्तकं काढणारे प्रकाशक, संपादक, लेखक, अनुवादक आणि चित्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

टेलिफोनच्या पेटंटला दीडशे वर्षं झाली, त्या निमित्ताने अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या एका रंगीत चित्रचरित्राची नवी आवृत्ती निघते आहे असं कळलं. मी त्या प्रकाशनाला पत्र लिहिलं. बधिर मुलांविषयी जुन्या आवृत्तीत जे छापलं आहे ते अर्धं आहे आणि ते अर्धेपण आम्हाला लागतं, असं कळवलं. काय सुटलं आहे आणि ते कुठल्या पानावर घालता येईल, तेही लिहून दिलं. उत्तर सौजन्याचं आलं. पुस्तक लहान मुलांसाठी आहे, एवढ्या वयात त्यांच्यासमोर वाद नकोत, आवृत्ती आहे तशीच छापली जाईल, असा त्याचा मथितार्थ. प्रकाशनाचं नाव मी घेत नाही, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मूळ मराठी असोत की अनुवादित, बेल यांच्यावरची जी मुलांची पुस्तकं माझ्या हातात आली, त्यांत हाच साचा आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना, आणि सर्वांसमोर.

मी जन्मापासून बधिर आहे. घरी बाकी सगळे ऐकणारे. माझं शिक्षण जिल्ह्याच्या गावातल्या एका निवासी शाळेत झालं, आणि आता मी बधिर मुलांना शिकवते. सुटीच्या दिवशी आम्ही एकत्र पुस्तकं वाचतो. पुस्तक मध्ये ठेवायचं, सगळ्यांनी चित्र नीट पाहायचं, मग मी खुणांच्या भाषेत गोष्ट सांगायची, आणि शेवटी छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ती मराठीत कशी लिहिली आहे ते बघायचं. कधीच कानावर न पडलेली भाषा वाचायला शिकणं फार कष्टाचं असतं. त्या कष्टात आमच्या मुलांचा पहिला आधार चित्र असतं. त्यामुळे तुमचं चित्र काय सांगतं याला आमच्याकडे तुमच्या मजकुराहून जास्त वजन आहे, आणि चित्रात आपण कुठे आहोत हे आमची मुलं सगळ्यात आधी शोधतात.

बेलच्या पुस्तकात ती काय पाहतात? ऐकू न येणाऱ्या आईच्या कपाळाशी तोंड नेऊन बोलणारा लहान ॲलेक. मग दाढीवाले तरुण बेल आणि त्यांच्याभोवती, त्यांच्या ओठांकडे टक लावून बसलेली बधिर मुलं. मग बेल यांचा मदतनीस वॉटसन, तारा, आनंद. शेवटी म्हातारे बेल आणि बधिर-अंध लेखिका हेलन केलर. बधिरांच्या आयुष्यात या माणसाने प्रकाश आणला, असा समारोप. यात बधिर माणूस एकदाही स्वतःहून काही म्हणत नाही. तो आभारी असतो, तेवढंच त्याचं काम.

माझी पहिली तक्रार ही, की जे खरं आहे तेही तुम्ही पुरतं सांगत नाही. बेल यांची आई एलायझा यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि ॲलेक त्यांच्याशी कपाळाजवळ बोलायचा, हे बरोबर. पण तो त्यांच्याशी बोटांनीही बोलायचा. दोन्ही हातांनी अक्षरं दाखवण्याची जी पद्धत ब्रिटनमध्ये होती, ती त्याला सफाईने येत होती. घरी चाललेलं बोलणं तो आईपर्यंत बोटांनी पोहोचवायचा. पुढे हेलन केलर यांच्या तळहातावरही ते बोटांनीच अक्षरं लिहीत. हात किती कामाचे असतात हे बेल यांना लहानपणापासून माहीत होतं. मुलांच्या पुस्तकातून नेमके हेच हात गेले आहेत.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिथे थोडं थांबते.

१८७१ पासून बेल बॉस्टनमध्ये बधिर मुलांना शिकवत होते. वडिलांनी तयार केलेल्या चिन्हलिपीतून, जीभ-ओठांच्या जागा दाखवून ते मुलांकडून उच्चार करवून घेत. टेलिफोन झाल्यावरही ते स्वतःला बधिरांचा शिक्षकच म्हणवत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी वेळ दिला, पैसा दिला. लहानपणी तापाने ऐकणं गेलेल्या मेबल हबर्डशी १८७७ मध्ये त्यांनी लग्न केलं. हे सगळं पुस्तकात राहू द्या.

पण १३ नोव्हेंबर १८८३ रोजी न्यू हेवन इथे नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या सभेत त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता, माणसांमध्ये बधिरांचा वेगळा वंश तयार होतो आहे का. शाळांच्या नोंदवह्यांतली आडनावं चाळून, बधिर माणसं बधिरांशीच लग्न करतात म्हणून हे घडतं आहे, असं त्यांनी मांडलं आणि त्याला जगावरचं मोठं संकट म्हटलं. ही लग्नं का होतात याची त्यांनी दिलेली कारणं वाचली की माझ्या पोटात कालवतं. बधिर मुलं निवासी शाळांत एकत्र राहतात. मोठेपणी मेळावे भरवतात. त्यांच्या संस्था आहेत, वर्तमानपत्रं आहेत. आणि त्यांची स्वतःची खुणांची भाषा आहे. म्हणजे आमच्या जगण्यात जे जे आमचं होतं, ते सगळं त्या यादीत होतं. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की मुलांना एकत्र ठेवू नये, खुणांची भाषा वापरू नये, आणि बधिर शिक्षक नेमू नयेत.

त्यांच्या बाजूचंही लिहिते. बधिरांच्या लग्नावर कायद्याने बंदी घालण्याचा विचार त्यांनी त्याच निबंधात तपासला आणि तो योग्य ठरणार नाही असं म्हटलं. १८९१ मध्ये वॉशिंग्टनला बधिर विद्यार्थ्यांसमोर बोलताना, तुमच्या लग्नाच्या स्वातंत्र्यात मला ढवळाढवळ करायची नाही, असंही ते म्हणाले. पण सुप्रजननाच्या चळवळीशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं. १९२१ च्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय सुप्रजनन परिषदेचे ते मानद अध्यक्ष होते. अमुक माणसांनी जन्माला येऊ नये असं मानणाऱ्या त्या चळवळीतून पुढे किती देशांत काय काय घडलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्यांचा तो सिद्धान्तच लंगडा होता. १८९८ मध्ये बधिरांच्या शिक्षणाचे अभ्यासक एडवर्ड फे यांनी अमेरिकेतल्या हजारो बधिर लग्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक बधिर जोडप्यांना ऐकणारीच मुलं होतात, असं त्यात दिसलं. हा अभ्यास छापला तो बेल यांनीच वॉशिंग्टनमध्ये उभारलेल्या व्होल्टा ब्युरो या बधिरत्वाविषयी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने.

यातलं एक अक्षरही मराठी बालवाचकापर्यंत आलेलं नाही.

आणि बधिर माणसं काही गप्प बसली नव्हती. ही माझी तिसरी तक्रार: तुमच्या पुस्तकात बेल यांना कुणी विरोध केला असं दिसतच नाही. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये बधिर एकच. शाळांतून खुणा काढून तोंडी भाषेनेच शिकवावं, असा ठराव तिथे झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. पुढे या संघटनेचे अध्यक्ष झालेले जॉर्ज व्हेडिट्झ यांनी बेल यांना अमेरिकन बधिरांचा सर्वांत भीती बाळगावी असा शत्रू म्हटलं. शाळांतून खुणा हद्दपार होताना पाहून संघटनेने वर्गणी काढली आणि तेव्हा नवंच असलेलं फिल्मचं तंत्र हाताशी धरून आपल्या भाषेचं चित्रीकरण करून ठेवलं. १९१३ च्या फिल्ममध्ये व्हेडिट्झ काळ्या कोटात उभे राहून खुणांनी सांगतात, की पृथ्वीवर जोवर बधिर माणसं आहेत तोवर आमच्या खुणा राहतील. ती फिल्म आजही पाहता येते. मी आमच्या मुलांना दाखवते. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यासारखा हातांनी बोलतो आहे, हे बघून मुलं फिल्म पुन्हा लावायला सांगतात.

चित्रकारांना मी मुद्दाम विचारते: या गोष्टीत चित्रं नाहीत का? मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या काही गावांत पिढ्यान् पिढ्या बरीच बधिर मुलं जन्मायची, म्हणून ऐकणाऱ्यांनाही खुणा येत. मासेमारी, शेती, गावसभा, दुकानातल्या गप्पा, सगळं दोन्ही भाषांत चाले. बधिर माणसं ऐकणाऱ्यांशी लग्नं करत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. आनुवंशिक बधिरत्वाचा शोध घेत बेल या बेटावर गेले होते. तिथून त्यांनी वंशावळी गोळा करून नेल्या. ज्या गावात बधिर असणं ही अडचणच उरली नव्हती, तिथे येऊन ते रोगाचं मूळ शोधत होते. दोन समोरासमोरच्या पानांवर हे बेट काढा, होड्या काढा, लांबच्या होडीतल्या माणसाशी हातवारे करून बोलणारा कोळी काढा. पाहणाऱ्या मुलाला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

आणखी एक जोडी आहे, ती तर गोष्टीसाठीच जन्मली असं मला वाटतं. वॉशिंग्टनच्या बधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड मायनर गॅलॉडेट हे बेल यांचे मोठे विरोधक. त्यांचीही आई, सोफिया, बधिर. मुलांना उच्चार शिकवायला त्यांची ना नव्हती, पण खुणा काढून घ्यायला त्यांचा ठाम नकार होता. दोघेही बधिर आईचे मुलगे, दोघांचंही आईवर प्रेम, आणि दोघं कित्येक वर्षं समोरासमोर. यावर सात वर्षांचं मूलही विचार करू शकतं.

हे सगळं लांब अमेरिकेत घडलं, आपल्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. मिलानच्या ठरावाचे आणि बेल यांच्या मतांचे पडसाद जगभर उमटले. अमेरिकेतच १८७० च्या सुमारास बधिर शाळांमधले चाळीस टक्क्यांच्या आसपास शिक्षक स्वतः बधिर होते. १९१७ पर्यंत ते पंधरा टक्क्यांच्या घरात आले. भारतातल्या शाळाही तोंडी पद्धतीच्या वळणावर गेल्या आणि बहुतेक तशाच राहिल्या. माझी शाळा त्यांतलीच एक. वर्गात हाताची घडी घालून बसायचं. बाईंच्या गळ्याला हात लावून कंप ओळखायचा, तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणताना ती हलते का बघायचं. पान, बाण, मान हे शब्द ओठांवर एकसारखे दिसतात. बाईंनी यांतला कुठला म्हटला ते अंदाजाने ओळखायचं, आणि चुकलं की पुन्हा. खुणा करताना दिसलं तर हातावर पट्टी बसायची. शिकवणाऱ्यांची तळमळ खरी होती, हे मी आजही म्हणते. पण इतिहास, विज्ञान, गोष्टी यांचे कितीतरी तास एकेका उच्चारात गेले. मला जगाची माहिती मिळाली ती वसतिगृहात, रात्री दिवे जायच्या आत, मोठ्या मुलींच्या हातांतून.

त्याच शाळेच्या कपाटात बेल यांचं पुस्तक होतं. हा आपला उपकारकर्ता, असं ते मला सांगत होतं. ज्या मुलीच्या हातावर पट्टी बसते तिच्या हातात ते पुस्तक दिलं जातं, आणि पट्टीचा त्या माणसाच्या विचारांशी काही संबंध आहे हे तिला कुठेच कळत नाही. मला कळलं ते नोकरी लागल्यावर, दुसऱ्या बधिर माणसांकडून. आज माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना एवढी वर्षं थांबायला लागू नये.

गैरसमज नको म्हणून लिहिते: श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र), वाचा-उपचार यांच्या विरोधात हे पत्र नाही. माझे काही विद्यार्थी यंत्र लावून छान बोलतात आणि खुणाही करतात. दोन्ही असू शकतं. बोलण्यासाठी हात बांधले जावेत, याला आमचा विरोध आहे. २०१० मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या बधिरांच्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि झाल्या नुकसानाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला जागा मिळाली, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही मिळाली. मुलांच्या पुस्तकात मात्र अजून १८८० चाललं आहे.

मुलं लहान आहेत, त्यांना हे झेपणार नाही, या उत्तराला माझं उत्तर आपल्याच घरात आहे. आनंदीबाई जोशींची गोष्ट मराठी मुलं किती वर्षं वाचत आहेत. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं, डॉक्टर होण्यासाठी परदेशी जाऊ दिलं, आणि अभ्यासासाठी तिला मारलंसुद्धा. मराठी वाचकाने हा माणूस दोन्ही बाजूंनी समजून घेतला आहे. लहान मुलंही घेतात. वर्गात ती विचारतात, मग तो चांगला होता की वाईट, आणि त्यावर भांडतात. हा हक्क बेल यांच्या बाबतीत त्यांना का नाही? वाद मुलांना नको असतो, असा माझा अनुभव नाही. कुणाची बाजू सांगायची राहिली हे मुलं चटकन ओळखतात.

जागेची अडचण असेल, तर आठ वर्षांच्या मुलाला कळेल असा मजकूर मीच देते. बिनशर्त वापरा:

बेल यांना वाटायचं की बधिर मुलांनी फक्त तोंडाने बोलावं, हातांनी बोलू नये. बधिर माणसांनी एकमेकांशी लग्न करू नये, असंही त्यांना वाटायचं. बधिर माणसांना हे मुळीच पटलं नाही. त्यांना आपली खुणांची भाषा फार आवडायची. त्यांनी सभा भरवल्या, लेख लिहिले, आपल्या भाषेची फिल्म बनवून ठेवली. बेल यांचं म्हणणं चुकीचं होतं, असं आज जगभरातली बधिर माणसं सांगतात. तुमच्या ओळखीचं कुणी बधिर असेल, तर त्यांना विचारा.

एवढ्याला अर्धं पान पुरतं.

आता मागण्या. बेल यांच्यावरच्या कुठल्याही नव्या पुस्तकात आणि नव्या आवृत्तीत १८८३ चा निबंध आणि बधिरांचा विरोध आलाच पाहिजे, आणि तो मागच्या पानावरच्या बारीक टिपेत नको, गोष्टीत हवा. छापून तयार असलेल्या प्रतींत एक सुटं पान घालता येतं, ते घाला. हेलन केलर आणि बेल यांचं चित्र काढताना हातावरची अक्षरं दाखवा. खुणा काढायच्या असतील तर बधिर माणसाकडून तपासून घ्या, कारण एक बोट इकडचं तिकडे झालं तरी अर्थ बदलतो आणि आमची मुलं त्या चित्रापाशी अडतात.

बधिरांविषयी, किंवा दिव्यांगत्वाशी संबंध आलेल्या कुठल्याही शास्त्रज्ञाविषयी मुलांचं पुस्तक काढाल तेव्हा हस्तलिखित त्या समाजातल्या प्रौढ वाचकांना आधी वाचायला द्या. त्या कामाचं मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव छापा. डॉक्टर, विशेष शिक्षक, पालक यांचं मत घ्यायला हरकत नाही, पण ते आमच्याऐवजी घेतलेलं नसावं.

तिसरी मागणी माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची. बधिर माणसांची चरित्रं मराठीत काढा. फ्रान्सहून जहाजाने अमेरिकेत येऊन १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा उभी करणारे बधिर शिक्षक लॉराँ क्लेर्क आहेत. व्हेडिट्झ आहेत. आपल्याकडे हरियाणाचे पैलवान वीरेंद्र सिंह आहेत, बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा पुन्हा सुवर्णपदक जिंकलेले आणि २०२१ चे पद्मश्री. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने खुणांच्या भाषेत बाजू मांडणाऱ्या वकील सारा सनी आहेत. कुस्ती तर मराठी मुलांच्या रक्तातच आहे. वीरेंद्र सिंह यांचं पुस्तक कोल्हापूर-सांगलीत हातोहात जाईल, अशी माझी खात्री आहे. अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर क्यूआर कोड देऊन तीच गोष्ट भारतीय सांकेतिक भाषेत सांगितलेला व्हिडिओ जोडा. तो व्हिडिओ बधिर निवेदकाने सांगितलेला असावा.

ज्या आवृत्तीवरून हे पत्र लिहिलं, तिची छपाई माझ्या माहितीप्रमाणे अजून सुरू झालेली नाही. त्या संपादकांना आणि बाकी सर्वांना माझा प्रस्ताव आहे: मजकूर आणि चित्रांचे कच्चे आराखडे आमच्याकडे पाठवा. आम्ही काही बधिर शिक्षक मिळून ते वाचू, चित्रांतल्या खुणा तपासू, आणि छपाईचं वेळापत्रक मोडणार नाही अशा बेताने लेखी सूचना परत करू. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या, आणि त्यात कारण लिहा.

आपली,
बधिर मुलांची एक बधिर शिक्षिका